स्पर्धा एकाची, शिष्यवृत्ती दुसऱ्याची

स्पर्धा गुणवत्ता शोधते आणि शिष्यवृत्ती गरज भागवते. आपल्या देशाने ही दोन्ही कामे एकाच परीक्षेवर सोपवली आहेत. अमेरिकेतील भारतीय पालकांच्या एका स्वयंसेवी संस्थेने ती वेगळी ठेवली. रायपूरसारख्या शहरातून पाहताना हा फरक अधिक स्पष्ट दिसतो.

अमेरिकेत इंग्रजी शब्दांच्या वर्णलेखनाची राष्ट्रीय स्पर्धा १९२५ पासून घेतली जाते. ‘स्क्रिप्स नॅशनल स्पेलिंग बी’ या नावाने ती आज ओळखली जाते. १९८५ मध्ये बालू नटराजन हा मुलगा या स्पर्धेत पहिला आला आणि भारतीय वंशाच्या विजेत्यांची परंपरा सुरू झाली. १९९९ मध्ये नूपुर लाला हिने विजेतेपद मिळवले. त्या वर्षीच्या स्पर्धेवरील ‘स्पेलबाउंड’ या माहितीपटामुळे तिचे नाव जगभर पोहोचले. २००८ ते २०१९ या बारा वर्षांत असे एकही वर्ष गेले नाही, ज्यात विजेत्यांमध्ये भारतीय वंशाचे मूल नव्हते. २०१९ मध्ये तर परीक्षकांकडील अवघड शब्दच संपत आले आणि आठ मुलांना संयुक्त विजेते घोषित करावे लागले. त्यांपैकी सात भारतीय वंशाची होती.

या यशाची चर्चा आपल्याकडे अभिमानाने होते. स्मरणशक्ती, संस्कार, आईवडिलांचा ध्यास अशी नेहमीची स्पष्टीकरणे दिली जातात. परंतु या यशामागे ज्या संस्थेचे दीर्घ परिश्रम आहेत, तिचे नाव आपल्या वाचनात क्वचित येते. ‘नॉर्थ साऊथ फाउंडेशन’ ही ती संस्था. राष्ट्रीय स्पर्धेत चमकलेली भारतीय वंशाची अनेक मुले प्रथम या संस्थेच्या स्थानिक स्पर्धांत घडली. मात्र या लेखापुरता माझा विषय ती मुले नाहीत. त्यांच्या स्पर्धांतून उभा राहणारा पैसा कोठे जातो, हा माझा विषय आहे.

ही संस्था रत्नम चित्तूरी यांनी १९८९ मध्ये शिकागो परिसरात स्थापन केली. भारतातील हुशार परंतु गरीब विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी साह्य करावे, हा तिचा मूळ हेतू होता. मुलांच्या स्पर्धा त्यानंतर चार वर्षांनी, १९९३ मध्ये सुरू झाल्या. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी शिष्यवृत्ती आली आणि मग स्पर्धा. अमेरिकेत वाढणारी भारतीय मुले गणितात पुढे असली तरी महाविद्यालयीन प्रवेशाच्या परीक्षेतील भाषेच्या भागात मागे पडतात, अशी त्या काळच्या पालकांची चिंता होती. ती दूर करण्यासाठी शब्दांच्या स्पर्धा योजल्या गेल्या. पुढे शब्दसंग्रह, गणित, विज्ञान, भूगोल, निबंध आणि वक्तृत्व यांची भर पडत गेली.

या स्पर्धांची रचना साधी आहे. अमेरिकेतील नव्वदहून अधिक शाखांमध्ये वसंत ऋतूत प्रादेशिक फेऱ्या होतात आणि त्यांतून निवडलेली मुले उन्हाळ्याच्या अखेरीस अंतिम फेरीसाठी एकत्र येतात. शब्द उच्चारणारे, वेळ मोजणारे, गुण नोंदवणारे, सभागृह मिळवणारे आणि खुर्च्या मांडणारे असे सारेजण स्वयंसेवक असतात. त्यांत बहुसंख्य स्पर्धक मुलांचेच आईवडील. सहभागासाठी शुल्क असते. काम पगारी माणसांऐवजी स्वयंसेवकांच्या हातून होत असल्याने खर्च मर्यादित राहतो. उरलेली रक्कम आणि देणग्या यांतून भारतातील विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या जातात. अभियांत्रिकी, वैद्यक आणि तंत्रनिकेतन यांच्या विद्यार्थ्यांचा त्यांत समावेश आहे. एका विद्यार्थ्यामागे वर्षाला २५० डॉलर हे संस्थेचे अनेक वर्षांचे प्रमाण आहे. आजच्या विनिमय दराने ही रक्कम वीस हजार रुपयांच्या थोडी वर जाते.

अंतिम फेरीत पहिल्या क्रमांकावर येणाऱ्या मुलांनाही पारितोषिके मिळतात, हे येथे नोंदवले पाहिजे. परंतु संस्थेचा मुख्य व्यवहार तो नाही. डॅलसमधील किंवा न्यू जर्सीतील संगणक अभियंत्याची मुलगी स्पर्धेत उतरते, तिचे वडील शुल्क भरतात, आई शनिवार-रविवार स्वयंसेवक म्हणून देते. भारतातील एखाद्या गावातून शहरात शिकायला आलेल्या मुलाच्या खानावळीचे पैसे त्यातून भरले जातात. त्या मुलाला या स्पर्धेत बसावे लागत नाही. त्याची निवड त्याच्या शैक्षणिक गुणांवर आणि घरच्या परिस्थितीवर होते. स्पर्धक आणि लाभार्थी ही दोन वेगळी मुले आहेत, आणि मला या रचनेचे खरे मोल यातच दिसते.

तिच्यावर टीका झालेली नाही असे नाही. समाजशास्त्रज्ञ पवन धिंग्रा यांनी ‘हायपर एज्युकेशन’ या २०२० मधील पुस्तकात शाळेबाहेरच्या या अभ्यासजगाची चिकित्सा केली आहे. मानवशास्त्रज्ञ शालिनी शंकर यांनी ‘बीलाइन’ या २०१९ मधील पुस्तकात वर्णलेखन स्पर्धांचा अभ्यास मांडला आहे. अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्याने आणि पुढे कुशल कामगारांच्या व्हिसाने ज्या भारतीयांची निवड केली, ते मुळातच उच्चशिक्षित होते. त्यांच्या मुलांच्या यशाला केवळ जिद्दीचे फळ म्हणणे म्हणजे त्यामागची शैक्षणिक शिदोरी नजरेआड करणे. बालपणाचे अनेक शनिवार-रविवार शब्दकोशावर खर्ची पडावेत का, हा प्रश्नही रास्त आहे. माझे म्हणणे इतकेच, की जी स्पर्धा सुस्थित घरांतील मुलांची असणारच आहे, तिचा पैसा निदान गरजू मुलांकडे वळवण्याचा प्रामाणिकपणा येथे आहे. आपल्याकडे तो कितपत आहे, हे तपासून पाहावे लागेल.

हा विचार माझ्या मनात रायपूरच्या मुक्कामात बळावला. २००० मध्ये छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर राजधानी बनले. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत या शहराने शिक्षणसंस्थांची मोठी रांग उभी केली. १९५६ मध्ये खाणकाम व धातुशास्त्राचे शासकीय महाविद्यालय म्हणून पायाभरणी झालेली संस्था २००५ मध्ये राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था झाली. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ १९६४ चे. एम्सचे कामकाज २०१२ मध्ये सुरू झाले. शेजारच्या भिलाईला २०१६ मध्ये आयआयटी मिळाली आणि तिचे पहिले वर्ग रायपूरच्याच शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात भरले. पोलाद कारखान्यामुळे वसलेले भिलाई स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांसाठीही प्रसिद्ध आहे. या दोन शहरांच्या दक्षिणेला बस्तर आहे आणि उत्तरेला सरगुजा. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील तीस टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी आहेत. एकाच राज्यात एकीकडे शिकवण्यांच्या जाहिरातींचे फलक आहेत आणि दुसरीकडे आठवीनंतर शाळा दूर गेल्यामुळे घरी बसणाऱ्या मुली आहेत.

अशा ठिकाणी वर्षाला वीस हजार रुपये काय करू शकतात, हे शुल्काचे तक्ते उलगडून पाहिल्यावर कळते. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांमध्ये पदवीचे शिक्षणशुल्क सत्राला ६२,५०० रुपये आहे. मात्र अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांपेक्षा कमी असल्यासही ते पूर्ण माफ होते, आणि १ ते ५ लाखांच्या दरम्यान असल्यास दोन तृतीयांश सवलत मिळते. एम्समधील शुल्क तर नाममात्र आहे. म्हणजे ज्या मुलाने प्रवेश मिळवला, त्याच्यापुढे फीचा डोंगर पूर्वीइतका उंच नाही. त्याला अडवतात ते फीबाहेरचे खर्च. वसतिगृह, खानावळ, संगणक, प्रवास आणि पहिल्या वर्षी एकदम भरावी लागणारी अनामत. ज्या घरात महिन्याचा हिशेब रोजंदारीवर चालतो, तेथे हे खर्च कर्जाशिवाय भागत नाहीत. तंत्रनिकेतनात किंवा खासगी महाविद्यालयात शिकणाऱ्याला तर फीचाही भार असतो. छोटी पण वेळेवर मिळणारी रक्कम मोठ्या आणि उशिरा मिळणाऱ्या रकमेपेक्षा येथे अधिक उपयोगी पडते.

आता सरकारी शिष्यवृत्त्यांकडे वळू. राष्ट्रीय प्रतिभा शोध परीक्षेचा आरंभ १९६३ चा. दहावीतील मुलांतून निवड करायची आणि त्यांना पदव्युत्तर शिक्षणापर्यंत साह्य द्यायचे, अशी ती योजना होती. अलीकडच्या काळात अकरावी-बारावीसाठी महिना १,२५० रुपये आणि पदवीसाठी २,००० रुपये मिळत. उत्पन्नाची अट नव्हती. परिणामी ज्या शहरांत शिकवण्यांचे जाळे दाट, त्यांना या परीक्षेत मोठी आघाडी मिळत राहिली. ज्या मुलांना पैशाची फारशी गरज नव्हती, त्यांच्यासाठी ती प्रतिष्ठेची पदवी होती. ज्यांना गरज होती, त्यांतील बहुतेक या परीक्षेपर्यंत पोहोचत नव्हते. ३१ मार्च २०२१ रोजी योजनेची मंजुरी संपली आणि तेव्हापासून ही परीक्षा स्थगित आहे. जवळपास सहा दशके चाललेली राष्ट्रीय योजना थांबली, तरी तिच्याबद्दल फारशी सार्वजनिक चर्चा झाली नाही.

दुसरी योजना अधिक न्याय्य हेतूची आहे. २००८ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक गुणवत्ता शिष्यवृत्ती, म्हणजे ‘एनएमएमएस’, आठवीनंतर होणारी गळती रोखण्यासाठी आहे. ती फक्त सरकारी, अनुदानित व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील मुलांसाठी असून कुटुंबाचे उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा अधिक नसावे, ही अट आहे. देशभरात वर्षाला १ लाख नव्या शिष्यवृत्त्या ठरलेल्या आहेत. त्यांत महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ आणि छत्तीसगडचा २,२४६. नववी ते बारावी अशी चार वर्षे दरसाल १२,००० रुपये थेट बँक खात्यात जमा होतात.

येथे गरज आणि गुणवत्ता एकत्र तपासली जाते, ही चांगली गोष्ट. परंतु शिष्यवृत्तीचा दरवाजा शेवटी एका स्पर्धा परीक्षेचाच आहे. बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय अशा दोन प्रश्नपत्रिका, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटे. दोन्ही मिळून सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ३२ टक्के गुण आवश्यक आहेत. अनेक राज्यांत ठरलेला कोटा पूर्ण भरत नाही. पात्र गरजू मुले नाहीत म्हणून तो रिकामा राहतो, असे कोणी म्हणू शकणार नाही. आकृत्यांच्या मालिका आणि सांकेतिक भाषेची कोडी ही कौशल्ये सरावाने येतात. तो सराव कोणी करून घ्यायचा, याचे उत्तर योजनेत नाही.

रायपूर परिसरातील सरकारी शाळांच्या शिक्षकांशी बोलताना हीच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत कानावर आली. ज्या शाळेत एखादा शिक्षक जादा तास घेतो, अर्ज स्वतः भरून देतो आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पालकांना तहसील कार्यालयात पाठवतो, तेथून दरवर्षी मुले निवडली जातात. शेजारच्या शाळेतून एकही निवडले जात नाही, आणि दोन्ही शाळांतील मुले सारखीच असतात. मराठी वाचकांना हे नवे नाही. महाराष्ट्रातील शिष्यवृत्ती परीक्षेचा इतिहासही असाच आहे. ज्या शाळेत एक ध्येयवेडा गुरुजी, त्या शाळेच्या फलकावर शिष्यवृत्तीधारकांची नावे. राज्ये वेगळी असली तरी व्यवस्थेची भिस्त एकाच अदृश्य स्वयंसेवकावर आहे. अमेरिकेतील ती संस्था आपल्या स्वयंसेवकांना निदान स्वयंसेवक म्हणून ओळखते. आपण त्यांना शिक्षक म्हणतो आणि त्यांच्यावर जनगणना, निवडणूक व माहिती भरण्याची कामेही सोपवतो.

निवड झाल्यानंतरची वाट सरळ नाही. नववीतून दहावीत पहिल्या प्रयत्नात जावे लागते. अकरावीत शिष्यवृत्ती चालू राहण्यासाठी दहावीत ६० टक्के गुण हवेत, अनुसूचित घटकांना ५५. वरकरणी ही रास्त अपेक्षा वाटते. परंतु शेतीच्या हंगामात आईवडील बाहेरगावी गेल्यावर भावंडे सांभाळणारी मुलगी ५८ टक्क्यांवर थांबते, तेव्हा तिची गरज कमी झालेली नसते, वाढलेली असते. नेमक्या त्याच क्षणी व्यवस्था हात काढून घेते. कारण आपल्या मनात शिष्यवृत्ती अजूनही बक्षीस आहे, आणि बक्षीस हरणाऱ्याला मिळत नसते.

रकमेचेही असेच आहे. २००८ मध्ये महिना ५०० रुपये होते. २०१७ मध्ये ते १,००० झाले. त्यानंतर डाळ, वह्या आणि बसभाडे यांचे दर कोठल्या कोठे गेले, रक्कम मात्र जागीच राहिली. ज्या देशात महागाई भत्त्याची गणना वर्षातून दोनदा होते, तेथे गरीब मुलाच्या शिष्यवृत्तीला महागाई लागू होत नाही, असे आपण गृहीत धरले आहे.

सरकारी परीक्षांच्या जोडीला आणखी एक जग झपाट्याने वाढले आहे. खासगी ऑलिंपियाडचे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रामार्फत होणाऱ्या आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडसाठी संघ निवडणाऱ्या परीक्षा वेगळ्या. येथे मी त्या नावाशी साधर्म्य साधून पहिलीपासूनच्या मुलांना पदके वाटणाऱ्या परीक्षांबद्दल बोलतो आहे. शाळेतूनच अर्ज येतात, प्रत्येक विषयाचे वेगळे शुल्क असते, सरावाची पुस्तके वेगळी घ्यावी लागतात आणि बहुतेक मुलांना कोणते ना कोणते प्रमाणपत्र मिळते. लाखो पालकांकडून गोळा होणाऱ्या या पैशातून किती गरजू मुलांच्या शिक्षणाला हातभार लागतो, हे जाहीर करण्याचे बंधन कोणावरही नाही. अमेरिकेतील पालक आणि आपल्याकडील पालक एकाच आकांक्षेपोटी शुल्क भरतात. एकीकडे ती आकांक्षा शिष्यवृत्तीत रूपांतरित होते, दुसरीकडे व्यवसायात.

आपल्याकडे दुसरी परंपरा नव्हती, असे मात्र नाही. मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाने १९८१ पासून चालवलेली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा शिक्षकांच्याच संघटनेने उभी केली. सहावी आणि नववीच्या मुलांना लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक, कृतिप्रकल्प आणि मुलाखत द्यावी लागते. स्पर्धा कशी असावी, याचा तो चांगला नमुना आहे. शिष्यवृत्ती कशी असावी, याचा नमुना पुण्यात आहे. १९५५ पासून कार्यरत असलेली विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींच्या निवास-भोजनाची सोय करते. तेथे निवडीचा गाभा मुलाची गरज हा आहे. त्याच्याही आधी कर्मवीर भाऊराव पाटलांनी कमवा आणि शिका या तत्त्वावर वसतिगृहे उभारली. वार लावून जेवणाऱ्या, माधुकरी मागून शिकणाऱ्या पिढ्यांची आठवण मराठी समाजात अजून जिवंत आहे. त्या प्रथेत जातीच्या भिंती होत्या, हे विसरता येणार नाही. भाऊरावांनी त्याच भिंती पाडल्या. परंतु शिकणाऱ्याला जेवू घालणे हे समाजाचे काम आहे, ही जाणीव दोहोंत समान होती.

रायपूरलाही या परंपरेचा स्पर्श आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून येथे मराठी कुटुंबे वसली आणि तात्यापारा हा भाग आजही त्यांची ओळख सांगतो. १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढणारे आणि पुढे लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद करणारे माधवराव सप्रे मराठी घरातले. रायपुरात मुलींची शाळा काढण्यात त्यांचा पुढाकार होता आणि त्यांच्या नावाची शाळा शहरात आजही आहे. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ शाळा चालवते आणि दिव्यांग मुलींसाठी निवासाची सोयही करते. राज्य सरकारनेही २०१० पासून ‘प्रयास’ निवासी विद्यालये सुरू करून नक्षलग्रस्त भागांतील मुलांना रायपूरला आणले. त्यांना अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशासाठी तयार केले जाते आणि त्यांतील अनेकांनी राष्ट्रीय संस्थांत प्रवेश मिळवले. मूल एकदा निवडले की त्याच्या राहण्या-जेवणाची जबाबदारी घेणे, हे ‘प्रयास’च्या यशाचे मोठे कारण आहे. चार भिंती, दोन वेळचे जेवण आणि शिकवणारा माणूस या तीन गोष्टी एकत्र आल्या की बस्तरचे मूल कोटा-भिलाईच्या मुलाशी बरोबरी करते, हे येथे सिद्ध झाले आहे.

एका धोक्याची जाणीव मात्र ठेवली पाहिजे. परदेशस्थ भारतीयांच्या दानशूरतेचे कौतुक करता करता राज्यसंस्थेची जबाबदारी हलकी करण्याचा मोह होतो. आकड्यांचे प्रमाण लक्षात घेतले तर तो मोह टिकत नाही. बारावीत गुणवत्ता दाखवणाऱ्या गरजू मुलांसाठी असलेल्या केंद्राच्या एकाच योजनेत वर्षाला ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये पाच वर्षांकरिता ५९,००० कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला आणि चार कोटींहून अधिक विद्यार्थी हे उद्दिष्ट ठेवले. कोणत्याही स्वयंसेवी संस्थेच्या आवाक्यातली ही संख्या नाही. धर्मादाय संस्थेचा उपयोग राज्याची जागा घेण्यासाठी नाही. राज्याला जे जमत नाही ते कसे जमते, हे दाखवण्यासाठी आहे.

राज्याला वेळ पाळणे जमत नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. राज्याने आपला हिस्सा जमा केल्यावर केंद्राचा हिस्सा मिळतो. राज्याची तिजोरी अडखळली की विद्यार्थ्याचे सारेच अडते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेले खाते, महाविद्यालयाची ऑनलाइन पडताळणी या साखळीतील एक कडी निखळली तरी पैसे पुढच्या वर्षी येतात. तोवर खानावळवाला थांबत नाही. आणि कोणती कडी निखळली, हे विद्यार्थ्याला सांगणारा माणूस व्यवस्थेत कोठेच नसतो. स्वयंसेवी संस्थेचे बळ येथेच आहे. तिची रक्कम छोटी असली तरी मुलाकडे एक दूरध्वनी क्रमांक असतो आणि पलीकडे त्याचे नाव माहीत असलेली व्यक्ती असते.

स्वयंसेवी संस्थांचीही वाट अलीकडे अवघड झाली आहे. परकीय योगदान नियमन कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने, परदेशी देणगी मिळालेल्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास मनाई केली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि देणगी स्वीकारण्यासाठी दिल्लीतील एकाच बँक शाखेत खाते अनिवार्य केले. परदेशी पैशावर देखरेख हवी, याबद्दल वाद नाही. परंतु दिल्लीतील मोठ्या संस्थेने रायपूर किंवा जगदलपूरच्या छोट्या संस्थेमार्फत मुलांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग या दुरुस्तीने बंद केला. मुलाच्या घरी जाऊन त्याची परिस्थिती पाहणारी माणसे याच छोट्या संस्थांत असतात.

या साऱ्यातून काही व्यवहार्य गोष्टी सुचतात. पहिली, प्रतिभा शोध परीक्षा पुन्हा सुरू करायची असेल तर तिच्यातून मासिक रक्कम वेगळी काढावी. विजेत्यांना सन्मान, शिबिरे आणि वैज्ञानिकांचा सहवास द्यावा, आणि पैसा त्यांच्यातील गरजूंनाच मिळावा. दुसरी, ‘एनएमएमएस’ची रक्कम महागाई निर्देशांकाशी जोडावी. कोटा भरत नसेल तेथे किमान गुणांची अट शिथिल करून उरलेल्या जागा त्याच तालुक्यातील पुढच्या मुलांना द्याव्यात. दहावीत थोडक्यात घसरलेल्या मुलाची शिष्यवृत्ती थांबवण्याआधी एक वर्षाची मुदत द्यावी. तिसरी, शाळेच्या आवारात शुल्क घेऊन परीक्षा घेणाऱ्या प्रत्येक खासगी संस्थेला जमाखर्च जाहीर करणे आणि शुल्कातील ठरावीक हिस्सा त्याच जिल्ह्यातील सरकारी शाळांच्या शिष्यवृत्ती निधीत भरणे बंधनकारक करावे. शाळांना परवानगी देणारे शिक्षण खाते ही अट सहज घालू शकते. चौथी, केवळ विद्यार्थ्यांच्या खात्यात जाणाऱ्या परदेशी शिष्यवृत्त्यांसाठी कायद्यात सुटसुटीत वाट असावी. पाचवी, प्रत्येक तालुक्यात निवृत्त शिक्षकांची छोटी समिती नेमून अर्ज, दाखले आणि अडकलेल्या रकमांचा पाठपुरावा तिच्याकडे द्यावा. प्रवासखर्चापलीकडे तिला फारसे काही लागणार नाही.

यांपैकी एकाही सूचनेसाठी नवे मंत्रालय लागत नाही. बदल करावा लागेल तो आपल्या एका समजुतीत. शिष्यवृत्ती ही सर्वांत हुशार मुलाला शोधण्याची पद्धत आहे, असे आपण मानत आलो. ती खरे तर शिकण्याची इच्छा आणि पात्रता असलेल्या मुलाला केवळ पैशाअभावी शाळा सोडावी लागू नये, यासाठी आहे. परदेशात स्थिरावलेल्या पालकांनी आपल्या मुलांच्या स्पर्धेची हौस भागवताना हा भेद पाळला. दोन वेगवेगळी मुले, दोन वेगवेगळ्या कसोट्या आणि त्यांना जोडणारा पैशाचा एक प्रवाह. येत्या अंदाजपत्रकात शिष्यवृत्त्यांच्या तरतुदी येतील तेव्हा आकडा किती वाढला, एवढेच पाहून थांबू नये. तो पैसा मिळवण्यासाठी आठवीतल्या मुलाला कोणाशी झुंजायला लावले आहे, हेही पाहावे.